शिट्टी वाजली म्हणून माफी मागू नका : ट्रॅम्पोलीन पार्कांच्या चालक-मालकांस खुले पत्र

प्रति,
राज्यातील इनडोअर ट्रॅम्पोलीन पार्कांचे चालक, मालक व व्यवस्थापक यांस,

सादर नमस्कार.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही घरची सात माणसे पुण्यातल्या एका मॉलमधील ट्रॅम्पोलीन पार्कात गेलो होतो. त्या पार्काचे नाव मी येथे देत नाही. तेथे जे घडले ते त्या एकाच ठिकाणापुरते असते तर मी व्यवस्थापकांना खासगी पत्र पाठवून मोकळी झाले असते. परंतु त्यानंतर मी मुद्दाम आणखी तीन पार्कांत, तिकीट न काढता, काचेबाहेर तासतासभर उभी राहून आले आणि थोड्याफार फरकाने तिन्हीकडे तेच पाहिले. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना लिहीत आहे.

आधी हे सांगितले पाहिजे की मी तुमच्या व्यवसायाविरुद्ध नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या दहा वर्षांच्या मुलाने घरात दोन उड्या मारल्या की तिसऱ्या उडीला खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन येतो, आणि त्यांचेही काही चुकत नाही, कारण त्यांच्या डोक्यावरचा पंखा हलतो. सोसायटीच्या आवारात गाड्या उभ्या असतात, उन्हाळ्यात बागेतली घसरगुंडी संध्याकाळपर्यंत चटके देते, आणि दिवसभर मुलांना एकच वाक्य ऐकावे लागते : उड्या मारू नकोस. अशा मुलांना तुम्ही स्प्रिंगांवर ताणलेल्या मॅटवर एक तास असा देता, की तेथे उडी मारणे हेच काम असते. आत शिरल्यावर माझ्या मुलाने पहिली पाच मिनिटे नुसत्या उभ्या उड्या मारल्या; हसणे नाही, बोलणे नाही, एखादे राहून गेलेले काम उरकावे तशा. ते पाहून मला तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले होते. सासूबाई काचेपलीकडे कॉफी घेऊन बसल्या होत्या आणि प्रत्येक उडीला हात वर करीत होत्या.

आता घडले ते सांगते.

माझा भाऊ आणि वहिनी नाशिकहून आले होते. चार वर्षांच्या माझ्या मुलीला मामा म्हणजे जीव की प्राण. मामा नसेल तर ती मॅटवर पाऊल ठेवायला तयार नव्हती. मामाचे वजन पंच्याऐंशी किलो, भाचीचे पंधरा. दोघे एकमेकांचे हात धरून एकाच मॅटवर उडू लागले. तेवढ्यात पिवळा टी-शर्ट घातलेला, एकोणीस-वीस वर्षांचा एक मार्शल, म्हणजे मॅटवर लक्ष ठेवणारा मुलगा, शिट्टी वाजवत आला. बोलण्यावरून परभणी-हिंगोलीकडचा वाटला. तो म्हणाला, "दादा, एका मॅटवर एकच जण." भाऊ म्हणाला, "अरे, भाची आहे माझी, मी धरलंय तिला." मुलगा हलला नाही. त्याने पुन्हा शिट्टी वाजवली आणि म्हणाला, "धरलं तरी नाही चालत, दादा."

यानंतर जे बोलले गेले ते आमच्याकडून बोलले गेले, आणि तो भाग गाळून हे पत्र लिहिणे मला बरोबर वाटत नाही. माझे यजमान म्हणाले की आम्ही सहाजणांचे पूर्ण पैसे भरले आहेत. मी म्हणाले की लहान मुलीसमोर असे ओरडू नका, ती घाबरते. तो ओरडला नव्हता. आवाज ऐकून व्यवस्थापक आले, त्यांनी आम्हा सर्वांची माफी मागितली, "नवीन आहे तो, सर, एन्जॉय करा," असे म्हणाले आणि त्या मुलाला उड्या मारताना घालायचे मोजे मिळतात त्या काउंटरवर पाठवून दिले. त्याच्या जागी दुसरे कोणी आले नाही.

सात-आठ मिनिटांत ते झाले. पडणे असे काही झालेच नाही. मामा खाली येत होता, मुलगी किंचित मागाहून खाली आली, आणि मॅटवरच मटकन बसली. रडली नाही. गुडघ्याखाली हात धरून नुसती बघत राहिली. आम्ही उभे करू लागलो तर पाय टेकवेना. मग रडली. बर्फ मागितला तेव्हा कॅफेच्या फ्रीजमधून थंड पाण्याची बाटली मिळाली. प्रथमोपचाराच्या पेटीत पट्ट्या होत्या, आयोडीन होते, पायाला आधार द्यायला फळी मात्र नव्हती. निघताना व्यवस्थापकांनी पुन्हा एकदा माफी मागितली आणि एका तासाची दोन मोफत कूपने हातात ठेवली. ती आमच्या फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली अजून आहेत.

रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. ट्रॅम्पोलीन हा शब्द कानावर पडल्यावर त्यांनी मुलगी कशी पडली हे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, "बरोबर कोण उडत होतं? मोठं माणूस?" भाऊ दाराशी उभा होता. तो खाली बघू लागला. नडगीच्या वरच्या टोकाला, गुडघ्याच्या जरा खाली, केसासारखी एक रेघ होती. डॉक्टरांनी पेनाचे टोक ठेवून दाखवली नसती तर आम्हाला ती दिसलीही नसती. हाडाच्या या चिरेला वैद्यकीय व्यवहारात सरळ 'ट्रॅम्पोलीन फ्रॅक्चर' असेच म्हणतात, ती मुख्यतः दोन ते पाच वर्षांच्या मुलांत दिसते, आणि तिच्यामागे जवळजवळ नेहमी मॅटवरचे दुसरे, जड माणूस असते, असे त्यांनी सांगितले. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घातले गेले.

हे कसे होते ते मला त्या दिवशी प्रथम कळले, आणि तुमच्याकडे येणाऱ्या शंभरांतल्या किती पालकांना ते ठाऊक असेल याची मला शंका आहे. जड माणूस उतरते तेव्हा मॅट खोल जाते आणि कडेच्या स्प्रिंगा ताणल्या जातात. ते ताणलेले बळ परत वर येताना मॅटवर जो असेल त्याला मिळते. लहान मूल नेमके त्या क्षणी खाली येत असेल, तर खाली येणारे मूल आणि वर उसळणारी मॅट यांची गाठ मध्येच पडते. मुलाच्या दृष्टीने ती जमीन उठून पायावर आदळण्यासारखी गोष्ट असते. मूल आधीच मॅटवर असेल तर त्याला त्याच्या स्वतःच्या ताकदीपलीकडची उंची मिळते आणि ते कसेही खाली येते. दोन्ही वेळा चूक मुलाची नसते. हात धरल्याने तर काहीच फरक पडत नाही, उलट दोघांची लय बांधली जाते. मार्शल मुलगा म्हणाला होता ना, धरले तरी चालत नाही. त्याला कारण ठाऊक असेल किंवा नसेल. नियम मात्र त्याला नीट ठाऊक होता.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली या विषयावर काढलेल्या धोरण-निवेदनात म्हटले आहे की ट्रॅम्पोलीनवरच्या दुखापतींपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाहून अधिक जण मॅटवर असताना होतात, आणि अशा वेळी सर्वांत लहान असणाऱ्याला दुखापत होण्याचा संभव जड जोडीदाराच्या चौदापटींपर्यंत असतो. ते निवेदन मुख्यतः घरच्या अंगणातल्या ट्रॅम्पोलीनविषयी आहे, हे मान्य. पण स्प्रिंगेला अंगण आणि मॉल यांतला फरक कळत नाही. ट्रॅम्पोलीन हा २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून ऑलिंपिक खेळ आहे. तेथे मॅटवर एका वेळी एकच खेळाडू असतो. या खेळात दोघांनी एकाच वेळी, एकाच लयीत उड्या मारण्याचाही एक प्रकार आहे, आणि त्यातदेखील मॅट दोन असतात, शेजारीशेजारी. आयुष्यभर सराव केलेल्या, सारख्या वजनाच्या दोन माणसांना जी गोष्ट करू दिली जात नाही, ती आम्ही रविवार दुपारी पोटभर जेवून करीत होतो.

तुमच्या भिंतीवर हा नियम लिहिलेला असतो, हे मी चारही ठिकाणी पाहिले. 'एका मॅटवर एकच' ही पाटी बहुतेक इंग्रजीत, कधी चित्रासह, बारा-पंधरा नियमांच्या यादीत सहाव्या किंवा सातव्या क्रमांकावर असते. पण तुमच्या तिकीट खिडकीवरचे पोस्टरही मी पाहिले आहे. त्यात आई, वडील आणि दोन मुले एकमेकांचे हात धरून एकाच मॅटच्या वर हवेत आहेत, चौघांचे दात दिसत आहेत, आणि खाली लिहिले आहे की कुटुंबासाठी खास पॅकेज. ज्या माणसाने ते पोस्टर पाहून पैसे भरले, त्याला आत जाऊन पाटी वाचून दाखवली तर तो पोस्टरवरच विश्वास ठेवणार, आणि त्याला मी दोष देऊ शकत नाही. पोस्टर एक वचन देते आणि पाटी ते काढून घेते. मध्ये उभा असतो महिन्याच्या पगारावरचा एक मुलगा, ज्याच्या गळ्यात शिट्टी आहे आणि हातात काहीच नाही.

माझे सगळे म्हणणे या मुलापाशी येऊन थांबते. तुमच्या पार्कात शंभर मॅट असोत, कडेचे पॅड कितीही जाड असोत, खालचा सांगाडा कुठल्याही देशातून आलेला असो; एका मॅटवर दोघे चढले की त्यांना खाली उतरवणारा तो एकच आहे. मॅटवरची सुरक्षितता म्हणजे त्याचे डोळे आणि त्याचा शब्द. आणि तो शब्द तुम्ही गिऱ्हाइकासमोर दोन मिनिटांत मागे घेतलात.

मला या निमित्ताने जत्रेतले 'जंपिंग' आठवते. लोखंडी सांगाडा, भोवती जाळी, दहा मिनिटांचे पैसे. त्या जाळीला छिद्रे असायची, स्प्रिंगा उघड्या असायच्या, सुरक्षिततेच्या नावाने एकूण आनंदच होता आणि त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण तो जंपिंगवाला बाहेर स्टुलावर बसून सगळ्या जत्रेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत असे, "ए लाल शर्ट, उतर खाली, बारकी पोरं आहेत." लाल शर्टाचे वडील कितीही मोठे असले तरी लाल शर्ट उतरत असे. कारण जंपिंग त्या माणसाचे स्वतःचे होते. त्याला आपल्याहून वरचा कोणी येऊन "सॉरी सर" म्हणेल ही भीती नव्हती. तुमच्या मार्शलला नेमकी तीच भीती असते. काचेबाहेर उभी असताना एका पार्कात मी पाहिले की मार्शल शिट्टी तोंडाशी नेतो, समोरच्या कुटुंबाकडे बघतो, मग काउंटरकडे बघतो आणि शिट्टी खाली सोडतो. तासाभरात असे चार वेळा झाले.

राजकोटच्या गेम झोनला २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीत सत्तावीस जीव गेले, त्यांत मुलेही होती, आणि त्या ठिकाणाकडे अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्रही नव्हते. त्यानंतर गुजरातने अशा जागांसाठी स्वतंत्र नियम केले. आपल्या राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहेच. त्याखाली दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दाखला द्यावा लागतो. ते दाखले तुम्ही चौकटीत लावता, हे चांगले आहे, आणि मी आता कुठेही गेले की आधी बाहेर पडायचे दुसरे दार शोधते. पण त्या कागदांमुळे तुमच्या आणि आमच्याही मनात एक समजूत बसली आहे की भिंतीवर दाखला आहे म्हणजे सुरक्षिततेचा विषय संपला. अग्निशमनाचा दाखला जिना, पाण्याची टाकी आणि फवारे यांविषयी बोलतो. पंधरा किलोच्या मुलीशेजारी पंच्याऐंशी किलोचा मामा उडत असेल तर त्याविषयी तो काही बोलत नाही, बोलू शकत नाही. ट्रॅम्पोलीन पार्कांसाठी अमेरिकेत २०१३ पासून स्वतंत्र मानक आहे, आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनेही २०२२ साली यासाठीच एक मानक प्रसिद्ध केले. कोणी सक्ती करण्याची वाट न पाहता तुम्ही ते मागवून घेऊ शकता. सामान परदेशातून मागवता, तर ते वापरायचे कसे हेही मागवावे.

काउंटरवरच्या टॅबलेटवर आमच्याकडून जी सही घेतली गेली तिच्याविषयी थोडक्यातच लिहिते. मागे रांग, हातात मूल, पडद्यावर आठ पाने इंग्रजी, आणि खाली एक चौकोन. घरी येऊन ईमेलवर आलेली प्रत वाचली तेव्हा कळले की कोणत्याही कारणाने, पार्कच्या निष्काळजीपणानेसुद्धा, काहीही झाले तरी जबाबदारी आमची, असे आम्ही मान्य केले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात 'अन्याय्य करार' या संज्ञेची व्याख्या दिलेली आहे. तुमच्या वकिलांनी तो मजकूर आणि ती व्याख्या एकदा शेजारीशेजारी ठेवून वाचावी. मी स्वतः ग्राहक आयोगाकडे गेलेले नाही. आमचा वाटा मला ठाऊक आहे. परंतु आठ पानांऐवजी मराठीत आठ ओळी असत्या आणि त्यांतली पहिली ओळ 'सहा वर्षांखालच्या मुलासोबत मोठ्या माणसाने एका मॅटवर उडू नये, मुलाचा पाय मोडतो' अशी असती, तर मी ती नक्की वाचली असती, आणि माझा भाऊ तर नक्कीच.

तेव्हा मागणे असे आहे. ते पोस्टर उतरवा. त्याजागी हवे तर कुटुंब दाखवा, चौघे चार मॅटवर. लहान मुलांचा कोपरा पार्काच्या नकाशात असतो पण प्रत्यक्षात त्याला आडवा दोर नसतो, दार नसते, आणि तेथे बारा वर्षांची मुले कोलांट्या मारत असतात. त्याला दार करा आणि दारावर माणूस ठेवा. रविवारी गर्दीमुळे हे जमत नसेल तर सकाळचा एक तास फक्त सहा वर्षांखालच्या मुलांसाठी राखा आणि त्या तासाला तिकिटे कमी विका. होय, कमी विका. तासाला किती माणसे आत सोडायची हा आकडा मॅटवरून आणि मार्शलांवरून ठरावा, रांगेवरून ठरू नये. सूचनांची चित्रफीत गाणी बंद करून आणि मराठीत दाखवा. आमच्या वेळी ती चालू होती आणि वर ढोल वाजत होते. दुखापतींची वही ठेवा, तारीख, वेळ, वय, मॅटवर किती जण होते एवढेच लिहा, आणि महिन्याने ती स्वतःच वाचून पहा. बर्फ ठेवा. फळी ठेवा.

आणि मार्शलला लेखी अधिकार द्या. दोनदा शिट्टी वाजवूनही जो ऐकत नाही त्याला बाहेर काढण्याचा, पैसे परत न देता. हे तिकिटावर छापा, म्हणजे त्याला वाद घालावा लागणार नाही, फक्त बोट दाखवावे लागेल. व्यवस्थापकाने मध्ये पडायचेच असेल तर मार्शलच्या बाजूने पडावे. त्याला मोज्यांच्या काउंटरवर पाठवू नये. या कामाला चांगला पगार द्या, नीट शिकवा, आणि नियम असा का आहे हेही सांगा, कारण 'का' ठाऊक असलेला मुलगा पंच्याऐंशी किलोच्या माणसासमोर जरा अधिक घट्ट उभा राहतो. मला ठाऊक आहे की यामुळे काही गिऱ्हाइके रागावून जातील. आम्हीही गेलो असतो. समाजमाध्यमांवर एक तारा देऊन उद्धटपणाची तक्रारही केली असती, आणि मुलगी स्वतःच्या पायांनी चालत गाडीपर्यंत आली असती.

प्लास्टर निघाले आहे. पहिले काही दिवस ती लंगडत होती, डॉक्टरांनी तसे आधीच सांगितले होते, आता धावते. फ्रीजवरच्या कूपनांकडे बोट दाखवून कधी जायचे ते विचारते, आणि आम्ही जाणार आहोत, एखाद्या मंगळवारी सकाळी, ती एका मॅटवर आणि मी काठावर. माझा भाऊही नाशिकहून येणार आहे. त्याला उडायचे नाही. त्याला त्या पिवळ्या टी-शर्टवाल्या मुलाला भेटायचे आहे. तुमच्यापैकी ज्यांना हे वाचून आपल्याच पार्कातला तो रविवार ओळखू आला असेल, त्यांनी तो मुलगा अजून कामावर आहे का आणि कोणत्या वेळी असतो, एवढे कळवावे.

आपली,
एक पालक, पुणे